बियाणं कोण निवडतं?



आपल्याकडं जुन्या बायका एखाद्या अंगात जोर नसलेल्या पोराला बघून म्हणायच्या, "हायब्रीड खाऊन वाढलंय ते, त्याच्यानं कुठं पोतं उचलायचं!" शब्द इंग्रजी, पण टोमणा अस्सल आपला. शाळेचं तोंड न बघितलेल्या आजीच्या तोंडात हा शब्द आला कुठून? ज्वारी-बाजरीतून आला. आणि ते बियाणं गावोगाव पोचवण्याचं ज्यांनी मनावर घेतलं, त्यांतला एक माणूस आपल्या जालन्याचाच होता.

हे सगळं उकरून काढायचं कारण आमच्या गटाची बैठक. मे महिन्यात खरिपाचं अंतर्गत कर्ज वाटायला बसलो, तेव्हा एकीनं बियाण्यासाठी पैसे मागितले. कोणतं बियाणं म्हटलं तर ती गप्प. शेजारणीनंच सांगून टाकलं, "चोरबीटी." म्हणजे अशी कपाशी, की तिच्यावर तणनाशक मारलं तरी ती मरत नाही, तण तेवढं मरतं. सरकारची परवानगी नाही म्हणून नाव पडलं चोर. त्यावरून बैठकीत जे भांडण लागलं ते शेवटी सांगतो. पण भांडता भांडता कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "हे नवं नवं काढतात, ते कुणाला विचारून काढतात गं?"

आमच्यातल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. लांबच्या कुठल्या देशाची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण जालना म्हणजे बियाण्याचं गाव. उत्तर आपल्या दाराशीच असायला हवं, म्हणून आम्ही शोधायला लागलो.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी बियाणं म्हणजे घरचं. खळं व्हायच्या आधी चांगली कणसं वेगळी काढायची, आढ्याला टांगायची. तुरीचं, मुगाचं बी राखेत घोळायचं, वर कडुलिंबाचा पाला घालून गाडग्याचं तोंड लिंपायचं. हे काम बाईचं. पेरणीला चाड्यावर मूठ असायची तीसुद्धा बहुतेक घरी बाईचीच. कोणतं कणीस बियाण्याला ठेवायचं हे ठरवताना ती बघायची की भाकरी मऊ होते का, शिळी झाली तर तुटते का, कडबा जनावर आवडीनं खातं का, पाऊस दगा देऊन गेला तरी पोटापुरतं पिकतं का. वजन किती, हाही प्रश्न होता, पण अनेकांतला एक. तेव्हा पिकायचं कमी, हेही खरं. उगीच जुन्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायला नको. देशात धान्य पुरत नव्हतं आणि अमेरिकेच्या गव्हाची जहाजं यायची तेव्हा आपण खायचो.

त्याच सुमाराला जालन्यात बद्रिनारायण बारवाले नावाचे गृहस्थ शेती करत होते. जन्म हिंगोलीचा, १९३० सालचा. ते शास्त्रज्ञ नव्हते. दिल्लीच्या पुसा संस्थेत भेंडीचं 'पुसा सावनी' हे वाण तयार झालं होतं. भेंडीची पानं पिवळी पडून झाड बसतं तो रोग आपल्याला माहीत आहे. त्या रोगापुढं हे वाण त्या काळी टिकायचं. बारवाल्यांनी ते बियाणं वाढवून विकायला सुरुवात केली आणि ते खपलं. इथं आम्हाला पहिली गोष्ट कळली. नवी गोष्ट निवडणारा माणूस ती स्वतः शोधून काढतोच असं नाही. सरकारी संस्थेनं, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशानं, शोधून ठेवलेलं असतं. कोणत्या शेतकऱ्याची कोणती दुखती नस आहे आणि कोणत्या संस्थेच्या कपाटात तिच्यावरचं औषध पडून आहे, हे ज्याला एकाच वेळी दिसतं तो पुढं जातो.

१९६१ मध्ये देशात मक्याची पहिली संकरित वाणं आली. १९६४ मध्ये ज्वारीचं सीएसएच-१ आलं, १९६५ मध्ये बाजरीचं एचबी-१. राष्ट्रीय बीज निगम १९६३ साली निघालं होतं. आणि १९६४ मध्येच बारवाल्यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली. तीच महिको. बियाण्याचा धंदा खासगी माणसानं करावा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

आता संकरित म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन वेगळ्या वाणांचा नर-मादी म्हणून संकर केला की पहिल्या पिढीचं पीक जोमदार येतं. पण त्याच पिकातलं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं की एक झाड उंच, एक बुटकं, उतारा घसरलेला. म्हणजे घरचं बी धरून उपयोग नाही, दरवर्षी दुकानात जावं लागतं. ही काही फसवणूक नाही, झाडाचा धर्मच तसा आहे. पण कोणत्या संशोधनात पैसा घालायचा हे ठरवणारा मालक हा धर्म नक्की बघतो. भेंडीचं सरळ बियाणं एकदा विकलं की गिऱ्हाईक घरी धरायला मोकळं. संकरिताचं गिऱ्हाईक दर मिरगाला परत येतं. दुकान चालवणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

सरकारनंही जोर लावला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, धान्यात राज्य स्वयंपूर्ण करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. हायब्रीड ज्वारी गावोगाव पोचली. पोतीच्या पोती पिकली. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे या दाण्यानं किती घरं तगवली, हे त्या वेळच्या बायका कबूल करतात. आणि लगेच पुढं म्हणतात, पण भाकरीला चव नव्हती. ताट बुटकं, कडबा कमी. काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. टोमण्याचा उगम इथं आहे. निवडणाऱ्यांनी एकरी क्विंटल मोजले होते. तव्यावरची भाकरी आणि गोठ्यातला कडबा त्यांच्या वहीत फार खाली होता.

बाजरीचं तर वेगळंच झालं. थोड्याच वाणांनी सगळं रान व्यापलं, आणि १९७० नंतरच्या वर्षांत गोसावी रोगानं ती वाणं झोपवली. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका, दाणा नाहीच. घराघरात वेगवेगळं बी असतं तेव्हा रोग सगळीकडं सारखा पसरत नाही. एकच बी असलं की पसरतो. हे शहाणपण सगळ्यांनाच मागून आलं.

रब्बी ज्वारीत मात्र वेगळा निकाल लागला. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला निवडलेलं मालदांडी हे स्वातंत्र्याच्या आधीचं सरळ वाण. त्याच्या पुढं रब्बीत कितीतरी नवी वाणं आली, पण आजही घरी खायला म्हटलं की मालदांडीच. का? भाकरी आणि कडबा. बाईनं कुठं अर्ज दिला नाही, मोर्चा काढला नाही, पण हे एक रान तिनं सोडलं नाही.

आता कपाशीकडं येतो. इथं आमचं स्वतःचं बोट गुंतलेलं आहे.

ज्वारी-बाजरीत निसर्गानंच एक सोय करून ठेवली आहे. काही झाडांमध्ये नर भाग वांझ असतो. अशा ओळी मादी म्हणून लावायच्या, शेजारी नर ओळी लावायच्या, वारा परागकण नेतो, संकर आपोआप होतो. कपाशीत फुलाच्या पोटातच नर आणि मादी दोन्ही. म्हणून संध्याकाळी उद्या उमलणारी कळी शोधायची, अंगठ्याच्या नखानं पाकळी आणि पुंकेसराचा वेढा अलगद सोलून काढायचा, आतली नाजूक दांडी दुखवायची नाही. खूण म्हणून कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्या दांडीवर फिरवायचं, एका नराच्या फुलात चार-पाच माद्या. दोन-अडीच महिने रोज. आपण याला 'क्रॉसिंग' म्हणतो आणि सीड प्लॉटवर जातो. जालना, बदनापूर, शेजारचं देऊळगावराजा, सिंदखेडराजा, या पट्ट्यात मिरची, टोमॅटो, भेंडी, ढोबळी मिरचीचं बीजोत्पादन शेडनेटमध्ये चालतं, तिथंही हेच. फक्त नखाच्या जागी चिमटा.

१९७० मध्ये गुजरातेत सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे कपाशीचं वाण आणलं. धंद्यासाठी वापरलेली जगातली ही पहिली संकरित कपाशी. संकरित कपाशीला जोम असतो हे अमेरिकेतल्या लोकांनाही माहीत होतं, पण तिकडं ती रुजली नाही. एकेक फूल हातानं सोलायला तिकडची मजुरी परवडत नव्हती. इकडं परवडली. का परवडली? आमच्या हाताचा भाव कमी होता म्हणून. बाईची बोटं बारीक, काम नाजूक, मजुरी थोडी. आंध्रात आणि गुजरातेत तर या कामावर शाळेच्या वयाच्या पोरी लावल्याचे अहवाल २००० सालाच्या आसपास छापून आले आणि देशभर बोभाटा झाला. मैत्रिणींनो, आम्ही हे वाचून थोडा वेळ गप्पच बसलो. ज्या संकरित कपाशीवर देशातला जवळजवळ सगळा कापूस आज उभा आहे, ती निवडली गेली तेव्हा आम्ही हिशोबात होतो. पण कशा होतो? बोलणाऱ्या म्हणून नाही. खर्चाच्या रकान्यात.

याचा दुसरा पैलूही सांगायला हवा, नाहीतर आमच्याच गटातल्या बायका उद्या रस्त्यात धरतील. खुरपणीपेक्षा क्रॉसिंगची मजुरी पुष्कळ ठिकाणी बरी असते, आणि पाऊस नसला तरी काम लागून असतं. आमच्या एका सभासदेनं याच पैशावर मुलीला नर्सिंगला घातलं. आणि दुसरीचा अनुभव असा, की प्लॉट तयार करून दिला, बी नेलं, मग तपासणीत नापास झालं म्हणून सांगितलं, आणि ज्या ऑर्गनायझरमार्फत करार होता त्याचा फोन लागेना. लेखी कागद तिच्याजवळ नव्हता.

बारवाल्यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ मध्ये ते गेले. गावातल्या माणसाला एवढा मान मिळाला याचा अभिमान जालन्याला आहे, आम्हालाही आहे. त्याच १९९८ मध्ये त्यांच्या कंपनीनं अमेरिकेच्या मोन्सँटोशी भागीदारी केली, बीटी कपाशीसाठी. मातीतल्या एका जिवाणूचा गुण कपाशीत घालायचा, म्हणजे पान-बोंड खाल्लं की बोंडअळी मरते. अमेरिकेतून आणलेल्या थोड्याशा बियाण्यापासून सुरुवात करून तो गुण आपल्याकडच्या वाणांत उतरवला. वर्षानुवर्षं चाचण्या चालल्या. कर्नाटकात शेतकऱ्यांनी चाचणीचे प्लॉट जाळले, इकडं शरद जोशींची शेतकरी संघटना मात्र हे तंत्रज्ञान द्याच म्हणून उभी राहिली. शेतकऱ्यांतच दोन तट. शेवटी २६ मार्च २००२ ला सरकारनं तीन वाणांना परवानगी दिली.

इथं निवडीचा एक बारकावा आहे, तो फार कुणी सांगत नाही. चीननं, अमेरिकेनं हा गुण सरळ वाणांतही घातला. आपल्याकडं तो आला तो संकरितातच. आपल्या कायद्यात शेतकऱ्याला घरचं बी धरायचा हक्क आहे. सरळ वाणात गुण घातला असता तर शेतकऱ्यानं एकदा घेऊन पुढं घरीच धरलं असतं. संकरितात ती भीती नाही. बीटीचा गुण अळी मारतो, पण दरवर्षी दुकानाची पायरी चढायला लावतो तो संकर. या दोन वेगळ्या गोष्टी एका पाकिटात आल्या आणि आपण दोन्हींना मिळून 'बीटी' म्हणायला लागलो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं २००९ च्या सुमाराला सरळ वाणातली बीटी आणून बघितली, पण तिच्या शुद्धतेवरून वाद झाला आणि ती मागं घ्यावी लागली.

पहिल्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या पाकिटाला साधारण सोळाशे रुपये पडायचे. २००६ मध्ये आंध्र सरकारनं भांडून भाव साडेसातशेवर आणला. फवारे कमी झाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. फवाऱ्याला पाणी वाहून आणणारी बाईच असते, तिला हे विचारा. पाकिटाबरोबर नॉन-बीटीची एक छोटी पुडी यायची, १२० ग्रॅमची, कडेनं लावायला. अळीला विषाची सवय लागू नये म्हणून थोडं बिनविषाचं रान ठेवायचं, असा तिचा अर्थ. किती जणांनी लावली? आमच्या घरच्यांनीही फेकली, खरं सांगतो. पुडी कशासाठी, हे समजावून सांगायला दुकानदाराला वेळ नव्हता आणि माहिती पाकिटावर बारीक अक्षरात होती. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशी पोखरली, तेव्हा वेचणीला गेलेल्या बाईच्या हाती कवडीचा कापूस आला. वेचणी किलोवर. दिवसभर वाकून निम्मी मजुरी. नुकसानीचा पंचनामा शेतमालकाचा झाला. वेचणारणीचा पंचनामा कुठल्या कागदावर होतो?

विचारून ठरवलं, असं एकदा मात्र झालं. महिकोनंच तयार केलेलं बीटी वांगं. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं हिरवा कंदील दिला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी लगेच सही केली नाही. देशात सात ठिकाणी उघड्या सभा घेतल्या, त्यांतली एक आपल्या नागपूरला. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक, सगळे बोलले, आरडाओरडाही झाला. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली. तेच वांगं पुढं बांगलादेशानं स्वीकारलं, तिथले शेतकरी ते लावतात. रमेश यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आम्ही त्यात पडत नाही. आम्हाला एवढंच दिसलं, की वांगं रोज भाजीत पडतं म्हणून विचारलं गेलं. कपाशी भाजीत पडत नाही.

निवड दुसऱ्या तऱ्हेनंही होते, आणि त्याचं उदाहरण त्याच रस्त्यावर आहे. जालन्याहून संभाजीनगरकडं जाताना दावलवाडीला महिकोचं संशोधन केंद्र लागतं, आणि पुढं बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र. तिथं तुरीची बीडीएन-७११, बीडीएन-७१६ अशी वाणं निघाली. ७११ पांढरी, लवकर येणारी, पाऊस लवकर संपणाऱ्या आपल्यासारख्या भागाला धरून. ही सरळ वाणं आहेत, चांगली झाडं निवडून बी धरलं तर दोन-तीन वर्षं घरचंच चालतं. या केंद्राला पाकीट विकून पगार काढायचा नसतो, म्हणून ते असं वाण निवडू शकतं. अर्थात त्याची जाहिरात तुम्ही कधी भिंतीवर रंगवलेली बघितली का? नाही ना. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी तर घरच्या बियाण्याची बँकच उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी निवडलेल्या वालात, घेवड्यात चव पहिली येते.

आता बैठकीतलं भांडण.

तणनाशकाच्या त्या कपाशीसाठी कंपनीनं रीतसर परवानगी मागितली होती, पण २०१६ मध्ये अर्ज मागं घेतला. बियाणं मात्र चोरवाटेनं फिरतच राहिलं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून आंदोलन केलं. तेव्हाच्या कायद्यानं पेरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. बोगस निघालं तर पावती नसते, त्यामुळं दाद कुठं मागणार?

कर्ज मागणारी म्हणाली, "माझी तीन एकर. खुरपायला बाई मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. माझी कंबर गेली खुरपून." तिच्या समोर बसलेली म्हणाली, "ती न परवडणारी बाई मीच आहे. आषाढ-श्रावणात माझं घर तुझ्या खुरपणीवर चालतं. तू औषध मारलंस तर मी काय खाऊ?" दोघीही आमच्याच गटातल्या. दोघींची बचत दर महिन्याला वेळेवर.

त्या दिवशी आम्ही एवढंच केलं. परवानगी नसलेल्या बियाण्याला कर्ज द्यायचं नाही, हे ठरावात लिहिलं. मग कोऱ्या पानावर प्रश्न लिहून काढले. हे बी पुढच्या वर्षी धरता येईल का? पावती मिळेल का? याच्यानं कुणाचं काम जाईल, कुणाचं दुखणं जाईल? फसलं तर भरपाई कोण देईल? घरात खायचं असेल तर भाकरी कशी होते? आजींनी सांगितलेला शेवटचा प्रश्न, जनावर खातं का. खुरपणीचा प्रश्न काही मिटलेला नाही. सायकलचं कोळपं भाड्यानं आणून दोघींच्या रानात या हंगामात चालवून बघायचं ठरलंय. ते चालवणारीला रोज किती द्यायचा, यावर पुढची बैठक आहे, येत्या सोमवारी, शाळेच्या ओट्यावर.